द्यायची नळी

"डावी आधी, उजवी नंतर,
गळ्यातली आत, लांबची वर;
आपलं ते गळ्याशी धर,
द्यायचं ते मोकळं कर."

खाणीच्या पायरीवर बसून बाबा हे म्हणायचे. ताई तेव्हा एवढीशी होती; तिला आणि पाणबुड्याच्या हवेच्या टाकीला शेजारी उभं केलं तर टाकीच थोरली दिसायची. बाबांचा आवाज एरवी दगडावर दगड घासल्यासारखा, पण या चार ओळींपुरता मऊ व्हायचा. दुसऱ्या घरांत पोरं चांदोबाच्या गाण्यावर निजायची, या घरातली पोर टाक्यांच्या गाण्यावर निजली.

दगड काढून काढून खोल झालेली ती खाण एके वर्षी पाण्यानं भरली आणि दगडवाले निघून गेले. बाबांनी काठावर पत्र्याची शेड घातली, हवा भरायचं यंत्र आणलं, पाण्यात उतरायच्या पायऱ्यांना लोखंडी साखळी लावली आणि बुडी मारायची शाळा काढली. बाकीचे पाणबुडे टाकी पाठीवर घेतात. बाबांच्या शाळेत, नवशिके सोडले तर, दोन टाक्या दोन बगलांत, पाणवठ्यावरून येणाऱ्या बाईनं दोन्ही कडांवर कळशा घ्याव्यात तशा. याला साइडमाउंट म्हणतात. पाठ मोकळी राहते, अरुंद कपारीतून माणूस माशासारखा जातो, आणि दोन्ही टाक्यांच्या हवा उघडायच्या चाव्या डोळ्यांसमोर असतात.

पण दोन टाक्या म्हणजे दोन नळ्या. डावीची नळी आखूड. तिचं तोंड रबरी दोरीनं गळ्यात अडकवलेलं असतं, ते आपलं स्वतःचं. उजवीची नळी लांबलचक. ती मानेमागून फिरून छातीवर येते आणि तिथल्या कडीत हुकानं अडकते. आळीपाळीनं श्वास दोन्हींतून घ्यायचा, म्हणजे टाक्या सारख्या उतरतात. पण लांब नळी असते ती मुळात दुसऱ्याची. बरोबरच्याची हवा संपली आणि त्यानं गळ्यावर आडवा हात फिरवला, की ती ओढायची आणि त्याच्या तोंडात द्यायची. म्हणून ती सगळ्यांत शेवटी घालायची, सगळ्यांत वर. तिच्यावर काही म्हणजे काही येता कामा नये.

हे ताईला कुणी शिकवलं असं तिला आठवतच नव्हतं. ते तिच्या अंगात दुधाबरोबर गेलं होतं.

वहिनी आली तेव्हा तिला पोहता येतं एवढंच घरात माहीत होतं. दादा बोटीवर नोकरीला. लग्न करून तो महिन्यात पुन्हा समुद्रावर गेला आणि बायको बाबांच्या हवाली करून गेला. वयानं ती ताईहून लहान, नात्यानं मोठी. म्हणजे कालच्या पोरीला 'वहिनी' अशी हाक मारायची, आणि तीही लाडात आली की 'वन्सं' म्हणून चिडवायची. पाठीवर टाकी घेऊन बुड्या मारायला ती माहेरीच शिकली होती. इथं आल्यावर तिनं बगलेतल्या टाक्या पाहिल्या आणि म्हणाली, "बाबा, मलाही." खोल पाण्याच्या दाबानं बाबांच्या कानांचे पडदे तेव्हाच दुबळे झाले होते, पाण्यात उतरायची डॉक्टरांची बंदी होती. ते काठावर खुर्ची टाकून बसायचे आणि वर येणारे बुडबुडे बघायचे. बुडबुड्यांवरून त्यांना खालचा माणूस कळायचा. कोण घाबरलाय, कोण उगाच हात मारतोय, कोण नुसता मिजास करतोय.

वहिनी पहिल्यांदा उतरली तेव्हा बाबा खुर्चीत पुढं वाकून बुडबुडे बघत राहिले. मग ताईला म्हणाले, "बघ गं. ही पाण्यात गेलीय आणि पाण्याला पत्ताच नाही."

ताईच्या काळजात तेव्हा जे रुतलं, ते पुढं निघालंच नाही. इतक्या वर्षांत बाबांनी तिला काय म्हटलं होतं? "पाय खाली जातायत." "उजवी टाकी लोंबतेय." "पुन्हा कर." एकदा, फक्त एकदा, "ठीक." त्या 'ठीक'वर तिनं एक अख्खा उन्हाळा काढला होता.

आणि वहिनीला देणगीच होती, हे नाकारून तर चालत नव्हतं. ती पाण्यात आडवी व्हायची ती चौरंगावर ठेवलेल्या तांब्यासारखी, जराही कलायची नाही. खाली गाळाचा थर इतका हलका, की नुसत्या नजरेनं उठेल; तिच्या पायांनी तो कधी उठला नाही. ताईसुद्धा हे सगळं करायची, पण ताईनं ते कमावलं होतं, रोज थोडं थोडं, बोटं सुजेपर्यंत. वहिनीला ते सांडलेलं सापडलं होतं. कमावणाऱ्याला सापडलेल्याचा राग येतो. तो कुणाला सांगता येत नाही, म्हणून आणखी येतो.

त्या वर्षी शिकायला दातांचे डॉक्टर आले. गोल, गोरे, हसरे. आयुष्यभर दुसऱ्याला 'आ करा' म्हणणारा हा माणूस पाण्यात स्वतःचं तोंड मिटून धरायला शिकत होता. त्यांच्या टाक्या ॲल्युमिनिअमच्या. हवा कमी झाली की त्यांची बुडं वर तरंगायला लागतात, आणि डॉक्टर शेपटी वर केलेल्या बदकासारखे दिसायचे.

"डॉक्टर, कंबर! कंबर सरळ!" ताई त्यांना रोज सांगायची.

"ताई, माझी कंबर कुठं संपते तेच मला माहीत नाही हो," ते म्हणायचे.

एका सकाळी ताईला यायला उशीर झाला. आली तर डॉक्टर पाण्यात सरळ. दोन्ही टाक्या अंगाला चिकटलेल्या, जुळ्या पोरांसारख्या. वहिनी काठावर उभी राहून टॉवेलनं केस पुसत होती.

"काय केलंस?" ताईनं विचारलं.

"काही नाही. हवा अर्ध्यावर आली की टाकीच्या बुडाचा हुक मागच्या कडीतून काढून कमरेच्या पुढच्या कडीत घाला म्हटलं. आणि म्हटलं, खिशात हात घालून बाजारात हिंडतो ना माणूस, तसं राहा."

हुक पुढं घ्यायचा हे ताईला माहीत नव्हतं असं थोडंच! ते ती शिकवणारच होती. आधी कंबर, मग हुक, असा तिचा क्रम होता. पण डॉक्टर वर आले ते ओरडतच, "ताई, वहिनींनी एका वाक्यात केलं की हो!" आणि खुर्चीतून बाबा हसले. मोठ्यानं. ताईनं ते हसू झेललं आणि शेडमध्ये जाऊन उगाचच सगळ्या नळ्या उतरवून पुन्हा टांगल्या.

थंडी पडली, पाणी गार झालं, सगळ्यांच्या डोक्यांवर मानेपर्यंत येणाऱ्या जाड रबरी टोप्या चढल्या. तेव्हाच ताईला ते दिसलं.

वहिनी डावखुरी. पाण्यात टाक्या अडकवताना ती साखळी डाव्या हातानं धरायची. मोकळ्या राहिलेल्या उजव्या हाताशी उजवी टाकी आयती यायची, म्हणून ती आधी. लांब नळी मानेमागून घेऊन छातीवर अडकवून व्हायची, आणि मग डावी टाकी, आणि डावीबरोबर गळ्यातली रबरी दोरी डोक्यावरून. ती दोरी लांब नळीच्या वर बसायची. पूर्वी वहिनी मानेमागं एक बोट घालून नळी बाहेर काढून घ्यायची. टोपी आल्यापासून ते बोट मानेमागं जाईना, आणि सफाई इतकी वाढली होती की तिला त्याची आठवणही होत नव्हती. जाड टोपीच्या घडीत ते कुणाला दिसायचंही नाही. बाबांच्या डोळ्यांना तर आता असलं बारीक काही दिसायचंच नाही.

ताईला दिसलं. द्यायची नळी गळ्यातल्या दोरीखाली कोंडलेली.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. 'वहिनी, डावी आधी घाल.' जिभेवर आलंही. तेवढ्यात बाबा काठावरून म्हणाले, "किती देखणं घालते ही टाक्या! बघत राहावं." ताईनं ते वाक्य गिळलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसलं. तिनं पुन्हा गिळलं. मग सवय झाली. रोज सकाळी ती वहिनीची मान बघायची, चोरून, आणि नळी दोरीखाली गेली की तिला पोटात काहीतरी उबदार वाटायचं. त्या उबेची तिला लाज वाटायची, पण थंडीच्या दिवसांत ऊब कोण टाकतं?

आणि गाणं? ते गाणं वहिनीला कुणी म्हणून दाखवलंच नव्हतं. बाबांनी शिकवणं सोडलं तसं गाणंही सोडलं होतं. ताईनं ते कधीच कुणाला दिलं नाही. विद्यार्थ्यांना ती क्रम शिकवायची, एक-दोन-तीन करून. वहिनी त्या वर्गात कधी बसलीच नव्हती, बघून बघूनच शिकली होती. गाणं तिचं होतं. वहिनीनं बाबांच्या खुर्चीशेजारची जागा घेतली होती, बाबांचं हसू घेतलं होतं. निदान गाणं तरी राहू दे.

त्याच थंडीत वहिनीची परीक्षा घ्यायला बाहेरून एक बाई येणार होत्या. वहिनी पास झाली की तिला शिकवायचा परवाना मिळणार होता. आदल्या सकाळी शेडमध्ये चहा पिताना बाबांनी विषय काढला.

"हिचं झालं की साइडमाउंटचा वर्ग हिच्याकडं देऊ. तू नव्यांना घे, पाठीवरच्या टाक्यांचे. तुला शिस्त आहे, नव्यांना शिस्त लागते."

साइडमाउंटचा वर्ग म्हणजे ताई. ताई म्हणजे तो वर्ग. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"बाबा, असं काय?" वहिनीच म्हणाली. "वन्सं असताना मी कशी घेईन?"

"कशी म्हणजे? हातांनी," बाबा म्हणाले.

"वहिनी घेतील तर मी आणखी एक वर्ष नापास होईन मुद्दाम," डॉक्टर म्हणाले, आणि सगळे हसले. ताईही हसली. कसं हसली तिचं तिला माहीत.

'उद्या ती बाई हवा द्यायचा प्रसंग करायला लावेलच,' ताईच्या मनात आलं. 'नळी गळ्यात अडकेल. परीक्षेत सगळ्यांसमोर अडकेल. मी काही केलं का? मी तर फक्त गप्प बसले.'

पण बाबा म्हणाले, "उद्याचं एकदा आज करून घ्या. डॉक्टर, तुम्ही हवा संपलेला माणूस व्हा. ताई, तू बाजूला राहा, लक्ष ठेव."

हे ताईनं हिशेबात धरलं नव्हतं. उद्या ठीक होतं. उद्या परीक्षेवाली बाई असती, तिला सगळं ठाऊक असतं. आज डॉक्टर. जो माणूस पाण्यात चष्म्यात दोन थेंब शिरले तरी हात-पाय झाडायचा, तो तोंडातली नळी खरोखर काढणार आणि हात पुढं करणार.

पायऱ्यांवर वहिनीनं उजवी टाकी अडकवली. मग डावी. दोरी डोक्यावरून आली, टोपीच्या घडीत गेली. ताई हातभर अंतरावर होती. 'सांग,' तिच्याच आतलं कुणीतरी म्हणालं. 'सांग, अजून वर आहोत.' ताईनं तोंड उघडलं, आणि त्यात आपली नळी घातली.

खाली हिरवा अंधुक उजेड. दगडाच्या कट्ट्यावर तिघं समोरासमोर आले. वहिनी आडवी, निश्चल, डोळे हसरे. ती आखूड नळीतून श्वास घेत होती. लांब नळी छातीवर हुकात. ताई डॉक्टरांच्या खांद्याजवळ सरकली. आपल्या लांब नळीवर तिनं हात ठेवला. ती नळी तिच्या तोंडातच होती, लागली तर लगेच काढता येईल अशी.

डॉक्टरांनी तोंडातली नळी काढली. गळ्यावर आडवा हात फिरवला.

वहिनीनं हुक काढला, नळी पुढं केली. नळी वीतभर आली आणि थांबली. तिनं ओढली. मान पुढं झुकली, गळ्यातली दोरी ताणली गेली, आणि तिच्या स्वतःच्या तोंडातली नळी निसटली. तिच्या डोळ्यांतलं हसू जिथल्या तिथं विझलं. डॉक्टरांचा हात पाण्यात रिकामा मिटला, उघडला, पुन्हा मिटला. स्वतःची नळी गळ्याशीच लोंबतेय हे ते विसरले. डोळे एवढे झाले. ते वहिनीवर झेपावले.

ताई मध्ये आली. तोंडातली लांब नळी काढून तिनं डॉक्टरांच्या ओठांत खुपसली, दुसऱ्या हातानं स्वतःची आखूड तोंडात घेतली, आणि त्यांचा खांदा धरला. बुडबुडे उठले. एक श्वास. दुसरा. तिसऱ्याला डॉक्टरांची बोटं ढिली पडली. पलीकडं वहिनीनं, आपण काय करतोय ते न कळताच, दोन्ही हातांनी गळ्याशी झोंबून दोरी डोक्यावरून उपटून काढली, मोकळी झालेली लांब नळी तोंडात घेतली, आणि तिघंही हळूहळू, एकमेकांना धरून, वर आले.

वर खूप उजेड होता.

"काय झालं? काय झालं?" बाबा खुर्चीतून उठून पायरीपर्यंत आले होते. "तिसऱ्याचेच बुडबुडे दिसत नव्हते मला!"

डॉक्टर पायरीवर बसले. त्यांना आधी खोकला आला, मग हसू आलं, मग थोडं रडू आलं. "मास्तर, ताई होत्या म्हणून! वहिनींची नळी यायचीच नाही हो. आणि ताई... ताई तर तयारच होत्या. मी बघितलं ना, हात आधीपासून नळीवर!"

बाबा ताईजवळ आले. त्यांनी तिच्या ओल्या टोपीवर हात ठेवला. तो हात तिथं याआधी कधी आला होता ते तिला आठवेना.

"आधीपासून," बाबा म्हणाले. "याला मास्तरकी म्हणतात. घडायच्या आधी दिसणं. शाब्बास, पोरी. माझ्या मागं ही खाण तुझी."

लहानपणापासून ज्या शब्दाची वाट बघितली तो शब्द असा पायरीवर येऊन बसला. ताईनं त्याला आत घ्यायला बघितलं. तो आत शिरेना.

वहिनी साखळीला धरून अजून पाण्यातच होती. टाक्या काढल्या नव्हत्या. गळ्यातली दोरी खाली गाळात कुठंतरी पडली होती, नळ्या दोन्ही मोकळ्या लोंबत होत्या. काय झालं होतं त्याची खूणसुद्धा उरली नव्हती.

"नळीला काही झालेलं नव्हतं," ती म्हणाली. ओठ निळे झाले होते. "मीच. हात गोठला माझा. समोर माणूस हवा मागतोय आणि माझा हात गोठला. बाबा, उद्याचं नको. त्या बाईंना नका बोलवू."

"अगं, होतं असं एखाद्या वेळी..." डॉक्टर म्हणाले.

"नाही, डॉक्टर. पाण्यात नुसतं छान दिसून काय करायचं? वन्संचा हात बघितला मी. तसा माझा नाही. मी मुळात कुणाला शिकवायला जन्मलेलीच नाही." ती हसायला गेली, पण तोंड वाकडं झालं. "वर्ग वन्संचाच आहे. असू दे त्यांचाच."

बाबांनी मान हलवली, हळूच, पटल्यासारखी.

झालं. सगळं ताईच्या पदरात आलं होतं. वर्ग, खाण, शाब्बासकी. आणि वहिनी स्वतःच्या तोंडानं स्वतःला खोडून टाकत होती. कुणाला काही कळणार नव्हतं. गप्प बसायचं, बस्स. गप्प बसायची तर तिला आता चांगली सवय होती.

वहिनी टाक्या अडकवायचे अंगावरचे पट्टे सोडायला लागली. गारठलेल्या बोटांना बकल सुटेना.

"थांब," ताई म्हणाली.

ती पायऱ्या उतरून कमरेपर्यंत पाण्यात गेली.

"तुझा हात गोठला नव्हता. नळी दोरीखाली होती. तू उजवी आधी घालतेस, म्हणून गळ्यातली दोरी वर येते. कुणाचाही हात असता तरी अडकली असती. माझा असता तरी."

वहिनीनं वर बघितलं. "पण... दोरी वर आली हे आज तुला कसं..."

"आज नाही. टोपी घालायला लागलीस तेव्हापासून दिसतंय. रोज."

पाणी पायरीवर थापलं गेलं. डॉक्टर खोकायचे थांबले. बाबा वर उभे होते. त्यांच्याकडं ताईनं बघितलं नाही.

"रोज?" वहिनी म्हणाली. "आणि तू बघत राहिलीस?"

"हो."

"वन्सं, आज डॉक्टर..."

"माहितेय. म्हणून माझा हात नळीवर होता. बाबा, ते घडायच्या आधी दिसणं नव्हतं. मी वाट बघत होते."

वहिनीनं साखळी सोडली नाही, पण ती एक पायरी मागं सरकली. ताईनं तिला धरलं नाही. थंडीनं तिचा स्वतःचा जबडा वाजत होता आणि पुढचे शब्द त्याच्यातून तुकडे तुकडे होऊन आले.

"बाबांचं एक गाणं आहे टाक्यांचं. तुला ते कुणी दिलं नाही, कारण ते माझ्याकडं होतं आणि मी ते दाबून ठेवलं. तू माझ्याहून चांगली आहेस पाण्यात. पहिल्या दिवसापासून आहेस. मला ते बघवत नव्हतं. उद्या त्या बाई आल्या की उतर तू. आणि ऐक, आता नीट ऐक. डावी आधी, उजवी नंतर..."